एकशे साठ व्होल्टचं गाव

एकशे साठ.

शेवंताकाकूंच्या घरी शेगडी नाही. नव्हतीच कधी. देवाशपथ.

दुकानदार आधी गाव विचारतो, मग कॉइल कापतो.

कोळशानं काढलेला विळा. कोळशानं काढलेली चांदणी. कोळशानं दिलेला नुसताच एक ठिपका, कारण गंगूबाईला तेवढंच येतं.

लाइनीच्या देवीचा नैवेद्य.

गोधडी लांबीलाही वाढली आणि रुंदीलाही वाढली. मग ती केवढी झाली?

हलगी.

बोरखडीच्या चावडीपुढं त्या दुपारी हलगी कडाडत होती आणि मी सगळ्यांच्या पुढं उभी राहून टाळ्या पिटत होते. गावाला नवा ट्रान्सफॉर्मर आला होता. जुना सकाळीच उतरवला होता, त्यामुळं गावात वीज नव्हती, पण एरवी वीज गेली की शिव्या देणारी माणसं त्या दिवशी नवे सदरे घालून आली होती. ट्रान्सफॉर्मरला झेंडूचा हार होता. सरपंचांनी नारळ फोडला तेव्हा पाणी मुजावर साहेबांच्या बुटांवर उडालं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मुजावर साहेब म्हणजे वीजखात्याचे इंजिनिअर. तरुण होते, उन्हानं लालबुंद झाले होते. जीपच्या बॅटरीवर लावलेला माइक त्यांनी हातात घेतला.

"मंडळी, तुमचं गाव लाइनच्या शेपटाला. आजवर तुम्हाला व्होल्टेज मिळत होतं एकशे साठ. बल्ब लागलाय की नाही हे बघायला काडी पेटवावी लागायची!"

हशा.

"आजपासून दोनशे तीस!"

"किती?" सरपंच ओरडले. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना परत ऐकायचं होतं.

"दोनशे तीस!"

हलगीवाल्यानं काडी अशी हाणली की झाडावरचे कावळे उठले. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला होते, वर्गात एकटी मुलगी. दोनशे तीस म्हणजे काय हे मला पाठ होतं, म्हणून मी सगळ्यांत उंच उडी मारली. शेजारच्या पोरीचे हात धरले आणि फुगडी सुरू केली.

आणि फुगडी अर्ध्यावर सोडली.

एकशे साठ. अडीच.

हे दोन आकडे मी आठवड्यापूर्वी आत्याच्या कपाटावर खडूनं लिहिले होते.

पळाले.

*

पळता पळता कपाटाचं सांगते.

ते अनसाआत्याच्या लग्नातलं. लाकडी, दोन दारांचं, वर मोर कोरलेले. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिनं मंगळसूत्र तिथंच ठेवलं आणि कपाट बैलगाडीत घालून आणलं. पुढं कुठल्याशा कृषी प्रदर्शनात अंडी उबवायचं यंत्र बघितलं. दिवसभर त्याच्यापुढून हलली नाही. घरी येऊन कपाटातल्या साड्या काढल्या, आतून थर्मोकोल लावला, फळ्यांच्या जागी जाळ्या बसवल्या. तळाला कॉइल, तिच्यावर पाण्याची परात. उष्णता कमीजास्त करायला यंत्र वगैरे काही नाही. दाराची फट लहान-मोठी करायची, एवढंच.

पहिल्या खेपेला गल्लीतल्या बायकांनी आपापल्या कोंबड्यांची अंडी दिली, आणि एकही पिल्लू निघालं नाही. कॉइल अख्खी होती, गावाचं व्होल्टेज अर्धपोटी. नुसती कोमट राहिली. नासक्या अंड्यांचा वास दसऱ्यापर्यंत गल्लीत होता आणि बायकांचे टोमणे त्याहून जास्त. "कोंबडीला कधी करंट लागला व्हता का गं?"

मग आत्याला कुणीतरी तालुक्याच्या बाजारातला दुकानदार सांगितला. तो कॉइल विकताना पहिल्यांदा विचारायचा, "गाव कोणतं?"

"बोरखडी."

"मग एवढी." आणि पक्कडीनं कट् करून तुकडा उडवायचा. गावागणिक त्याचं माप ठरलेलं होतं. लाइनच्या डोक्याला असलेल्या गावाला अख्खी कॉइल, मधल्या गावाला थोडी आखूड, आम्हाला सगळ्यांत आखूड. कॉइल आखूड म्हणजे अडथळा कमी, अडथळा कमी म्हणजे कमी व्होल्टेजवरही करंट भरपूर. गावातली प्रत्येक शेगडी त्याच्याच हातची, त्याच मापानं कापलेली. बाहेरच्या जगात अशी शेगडी लावली असती तर धूर निघाला असता. आमच्यात तिच्यावर भाकरी छान फुगायची.

आत्यानं तशी आखूड कॉइल कपाटात बसवली. दुसऱ्या खेपेला बायका अंडी द्यायला तयार नव्हत्या. आत्या दारोदार फिरली. "ह्या खेपेला पिल्लं न्हाई निघाली तर हेच कपाट फोडून चुलीत घालीन, तुमच्या म्होरं," असं म्हणाली, तेव्हा कुठं मिळाली. प्रत्येकीनं अंड्यावर कोळशानं आपली खूण केली होती.

त्या दिवशी त्या अंड्यांचा विसावा दिवस होता. एकविसाव्याला पिल्लं निघतात.

*

"आत्या! नवा करंट आला तर कपाट लावू नगंस!"

"तोंड आवर. आत आवाज जातो."

ती कपाटाला पाठ लावून बसली होती. दारांवर दोन गोधड्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या. वीज गेल्यापासून ती चुलीकडून कपाटाकडे आणि कपाटाकडून चुलीकडे फिरत होती.

"अगं, दोनशे तीस येणार हाय."

"येऊ दे की. कवाधरनं वाट बघतीय."

"शिजतील सगळी."

आत्यानं मान वर केली. "बस. नीट सांग."

मी चुलीतला कोळसा घेतला आणि फरशीवर मांडायला लागले.

"हे बघ. आत्तापर्यंत व्होल्टेज एकशे साठ, करंट अडीच अँपिअर. मी मापलाय. एकशे साठला अडीचनं भागलं की चौसष्ट. हा तुझ्या कॉइलचा रेझिस्टन्स, अडथळा. कॉइल तीच ऱ्हाणार, म्हंजी चौसष्ट तेच ऱ्हाणार."

"बरं."

"आता एकशे साठ गुणिले अडीच. चारशे. ही तिची धग, चारशे वॅट. ह्या धगीवर अंडी बरोबर चाललीत."

"बरं."

"आजपासनं व्होल्टेज दोनशे तीस. भागिले चौसष्ट. करंट झाला साडेतीनच्या वर."

"म्हंजी दीडपटीच्या आसपास." आत्याचा तोंडी हिशेब माझ्याहून पक्का. "मग धग बी दीडपट. दार जरा जास्त उघडं ठेवू. एवढ्यासाठी फुगडी टाकून पळत आलीस व्हय?"

मी फुगडी घालत होते हे तिला घरात बसून कसं कळलं, कोण जाणे.

"दीडपट न्हाई. दोनशे तीस गुणिले साडेतीनच्या वर. आठशेच्या पुढं जातंय. दुप्पट!"

"दीडपटीचं दुप्पट कसं होईल? तुझा मास्तर चुकीचं शिकवतोय."

मी कपाटावरची गोधडी धरली. आत्यानं गावातल्या निम्म्या घरांच्या गोधड्या शिवल्या होत्या.

"ही लांबीला दीडपट केलीस तर कापड किती लागंल?"

"दीडपट."

"आन् रुंदीला बी दीडपट केलीस तर?"

आत्याची बोटं हवेत कापड मोजायला लागली. एकदा उभी गेली, एकदा आडवी गेली, आणि थांबली.

"दुपटीच्या बी वर," ती म्हणाली. "आई गं."

"व्होल्ट ही लांबी, अँपिअर ही रुंदी. नवा करंट आला की दोन्ही वाढणार. कॉइल लालभडक होईल. थर्मोकोल तिच्यापासनं वीतभर. अंडी शिजायच्या आधी कपाटच पेटंल."

आत्यानं हळूच कपाटाच्या दारावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"मग आज बंदच ठेवू," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं जाते आन् अख्खी कॉइल आणते. एक रात बाटल्यांवर काढतील अंडी."

"न्हाई. आज."

"अगं, एका रातीनं काय..."

"शैले, आज म्हणलं ना. करंट आला की कपाट लागलं पायजे. अन् धग तीच पायजे, हुती तेवढीच."

"पण का?"

"शिकलीस ना? मग शिकल्यावानी कर कायतरी!"

मला वाटलं, ती बायकांच्या तोंडाला भ्यायली.

*

अडीच हवेत. व्होल्टेज दोनशे तीस.

दोनशे तीस भागिले अडीच. ब्याण्णव.

आपल्याकडं चौसष्ट.

कमी पडतात अठ्ठावीस.

म्हणजे कॉइलकडं जाणाऱ्या वाटेत आणखी एक अडथळा बसवायचा. अठ्ठावीसचा. आधी त्यातून करंट जाईल, मग कॉइलमधून. एवढ्या मापाची वस्तू घरात कुठली? बल्ब? फार मोठा अडथळा. इस्त्री? तीही मोठी. आणि मग मला माझाच आठवडा आठवला. करंट मापायचा टाँग टेस्टर सरांकडून मागून आणला होता आणि वायर दिसली की मी त्याचा चिमटा लावत सुटले होते. गिरणीवाल्यानं हाकललं, पण शेवंताकाकूंनी चहा ठेवता ठेवता मापू दिलं होतं.

काकूंची शेगडी: एकशे साठ व्होल्ट, सहा अँपिअर.

भागिले.

साडेसव्वीस!

चौसष्ट आणि साडेसव्वीस, साडेनव्वद! मी कोळसा भिंतीवर फेकला आणि पुन्हा पळाले.

*

शेवंताकाकू सरपंचांच्या पत्नी. मांडवात पहिल्या ओळीत बसल्या होत्या, मुजावर साहेबांच्या शेजारी. मी मागून जाऊन कानाशी लागले.

"काकू, शेगडी पायजे. आत्ता."

काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर ट्रान्सफॉर्मरकडे बघत, शेवटच्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शेगडी? आमच्यात चूल हाय बाई! शेगडी काळी असती का गोरी, आम्हाला ठावं न्हाई! देवाशपथ!"

मुजावर साहेबांनी मान वळवली.

मी विसरलेच होते. गावातल्या निम्म्या शेगड्या तारेवर आकडा टाकून चालायच्या. साहेब गावात आले की शेगड्या गुप्त.

पण काकूंची नाही तर दुसरी चालेल. सगळ्या एकाच मापानं कापलेल्या.

पहिलं दार: "शेगडी म्हंजी?" (मागं चुलीत गवत उगवलं होतं.)

दुसरं दार: "हुती. बहिणीला दिली."

बहिणीचं दार: "मला? कवा?"

चौथं दार: "साहेबानं पाठवलंय व्हय तुला? लाज न्हाई वाटत, गावची पोर असून?"

गंगूबाई: "हाय की. पण कणगीत घातली आन् वरनं ज्वारी ओतली. साहेबाची जीप गेल्याबिगर निघत न्हाई ती."

"गंगूमावशी, तुमची बी अंडी हायत कपाटात."

"हायत की. तीन. ठिपक्याची." ती रडवेली झाली. "पर पोतंभर ज्वारी हाय गं वर."

माइकवर सरपंच म्हणत होते, आता थोड्याच वेळात.

मी रिकाम्या हातांनी घरी आले. आत्यानं माझ्या हातांकडे बघितलं आणि बाटल्यांतलं पाणी बदलायला घेतलं. हलगी वाजतच होती. जवळ येत होती. गल्लीत शिरली. आमच्या दारात आली.

दारात शेवंताकाकू. डोक्यावर पाटी, पाटीवर हिरवा खण, खणावर नारळ आणि केळी. मागं हलगीवाला, बेभान.

"अगं धर की! मान मोडली!"

मी खण उचलला. खाली शेगडी.

"साहेब इचारत हुता, काकू, काय हाय? म्हणलं, लाइनीच्या देवीचा निवद. त्यानं हात जोडलं, बिचाऱ्यानं! हे हलगीवालं मागं लागलं, जाईचना. जा रं आता!"

"काकू, मघाशी तुम्ही..."

"मघाशी साहेब मांडीला मांडी लावून बसला हुता, टवळे! अन् अनसा, तू बी ऐक. माझी बी अंडी हायत आत. विळ्याची."

पक्कड. पेचकस. टेप. कपाटाची एक वायर मी मधोमध तोडली आणि दोन्ही टोकं शेगडीला जोडली. बोटं नाचत होती.

"जळंल माझी," काकू म्हणाल्या. "दुप्पट का काय म्हणतीस ते माझ्या शेगडीला न्हाई का?"

"दोघी मिळून दोनशे तीस वाटून घेणार काकू. तुमची लाल बी व्हायची न्हाई."

"अशी कशी लाल होईना? चांगली शेगडी हाय ती!"

तेवढ्यात गाव ओरडलं.

सगळं गाव, एका घशानं. आमच्या डोक्यावरचा बल्ब असा लागला की मी डोळे मिटले. पिवळा नव्हे, पांढरा! कोपरा न् कोपरा दिसायला लागला, भांड्यांवरची नावं दिसायला लागली, आढ्याची जळमटं दिसायला लागली.

"अनसा," काकू वर बघत म्हणाल्या, "झाडत जा की गं."

आत्या हसली नाही. मी कपाटाचं बटण दाबलं आणि टाँग टेस्टरचा चिमटा वायरीभोवती लावला.

काटा उठला. एक. दोन. दोनाच्या पुढं गेला.

अडीच.

"अडीच!" मी किंचाळले.

"आवाज!" आत्या म्हणाली, पण माझा हात तिनं इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. कपाटाच्या तळाला कॉइल रोजच्यासारखी, काळपट, शांत. शेगडी बाजूला आणखीच शांत. काकूंनी बोट जवळ नेलं, मग आणखी जवळ.

"ही तर पेटंचना!"

"तेच तर पायजे काकू!"

आम्ही तिघी एकमेकींना धरून उड्या मारत होतो. म्हणजे मी आणि काकू. आत्या आम्हाला खाली ओढत होती. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"लाइनवरचं शेवटचं घर हेच ना? व्होल्टेज बघायचंय."

मुजावर साहेब. मागं सरपंच, त्यांच्यामागं अर्धं गाव.

काकूंनी खण शेगडीवर टाकला. शेगडीनं खण जाळला नाही, पण ती झाकलीही गेली नाही.

"ही शेगडी वळखीची वाटतीया," सरपंच म्हणाले.

"तुम्ही गप ऱ्हावा," काकू म्हणाल्या.

साहेब वाकले. शेगडीपासून कपाटापर्यंतची वायर त्यांनी डोळ्यांनी चालून पाहिली, मग फरशीवरचं कोळशाचं गणित पाहिलं.

"कुणी जोडलं?"

"मी."

"का?"

"कपाटाची कॉइल एकशे साठसाठी कापलेली. दोनशे तीसवर दुप्पट तापली असती."

"किती ओहमची?"

"चौसष्ट. शेगडी साडेसव्वीस."

साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलले. "अडीच यायला हवा."

"अडीचच आला!" मी आणि काकू एकदम म्हणालो.

त्यांनी आपला टेस्टर काढून लावला, बघितलं, आणि चेहरा असा उजळला की क्षणभर ते आमच्या वर्गातलेच कुणी वाटले. "पंचायतीचा टीव्ही आत्ताच गेला," ते म्हणाले. "व्होल्टेज वाढवायचा बूस्टर वरच्या टोकाला होता. सरपंच, त्या हलगीवाल्याला पाठवा, दवंडी द्या: सगळ्यांनी बूस्टर खाली करा, आणि कापलेल्या शेगड्या कुणी लावू नका."

"आमच्या गावात शेगड्या न्हाईत," सरपंच म्हणाले.

"नसलेल्या लावू नका म्हणून सांगा." मग साहेब काकूंकडे वळले. "शेगडी दिसली की जप्त करणं माझं काम आहे."

काकूंनी खण शेगडीवर आणखी ओढला.

"यावर चहा होईल का, काकू?"

काकूंना कळलं नाही हो म्हणावं की नाही. मग खरं ते सांगितलं. "दूध बी कोमट व्हायचं न्हाई."

"मग ही शेगडी नाही. हा रेझिस्टन्स आहे. रेझिस्टन्स जप्त करायचा नियम मला माहीत नाही."

अर्धं गाव हसलं आणि आत्या उठून उभी राहिली. "साहेब, तुमचं लई उपकार. पर समद्यांनी भाईर जाऊन हसा."

आणि साहेब चवड्यांवर चालत बाहेर गेले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात पाट्या घेऊन बसल्या होत्या आणि भांडत होत्या, कारण अंड्यांवर खुणा होत्या, पिल्लांवर नव्हत्या. गंगूबाई म्हणत होती, ते पिवळं माझंच, त्याचा चेहरा माझ्या कोंबडीवर गेलाय. काकूंनी चार उचलली आणि पाचवं पदराखाली घातलं. आत्या दारात उभी राहून सगळ्यांना शिव्या देत होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर पिल्लं होती.

पुढं त्या कपाटातून किती पिल्लं निघाली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मी परीक्षा पास झाले, नोकरी केली, निवृत्तही झाले. एकदा, आत्या फार थकली होती तेव्हा, मी विचारलं, "एक रात थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? बायकांना एवढी भ्यायलीस?"

"बायकांना कोण भितंय?" ती म्हणाली. "चोच भाईर आल्याबिगर बोलायचं नसतं. नजर लागती."

पहिल्या अंड्याला आतून तडा गेला होता तो त्या दिवशी सकाळी, वीज जायच्याही आधी.